अजाणतां केलेला अपाय

ज्यानें जाणूनबुजून शेजाऱ्याच्या विहिरींत विष टाकिलें तो अपराधी होय, हें शाळेंत न गेलेलें मूलही जाणतें. त्यासाठीं धर्मशास्त्राची किंवा न्यायशास्त्राची गरज पडत नाहीं. परंतु एखाद्या मनुष्यानें आपला नित्याचा धंदा केला, कोणाचें वाईट चिंतिलें नाहीं, आणि तरी त्याच्या धंद्यामुळें दहापंधरा कोसांवर राहणाऱ्या, त्यानें कधीं न पाहिलेल्या स्त्रीचीं हाडें मोडलीं, तर त्याला काय म्हणावें? तो निर्दोष आहे म्हणून त्यास सोडून द्यावें, कीं त्याच्या हातून अपाय झाला म्हणून त्यास धरावें? आणि त्यास सोडलें, तर त्या स्त्रीचें दुःख कोणाच्या पदरीं घालावें?

प्रिय वाचकहो, हा प्रश्न कल्पित नाहीं. जपान देशांत एका नदीच्या कांठीं तो प्रत्यक्ष उत्पन्न झाला, आणि त्याचा निकाल लागण्यास सुमारें शंभर वर्षें गेलीं. इतक्या दूरचा दाखला कां घ्यावा, असें कोणी विचारील. कारण असें कीं, तेथें ही गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत नीट लिहून ठेविली गेली आहे; आणि तेथील लोक आपल्या कोंकणांतील व मावळांतील लोकांप्रमाणेंच भात लावणारे व भात खाणारे आहेत. त्यांच्या चिखलाची गोष्ट आपल्यास समजावयास कठीण पडणार नाहीं.

जपानच्या समुद्राकडील अंगास तोयामा नांवाचा प्रांत आहे. दक्षिणेकडील गिफू प्रांताच्या डोंगरांतून जिन्झू नांवाची नदी उतरून ह्या प्रांताच्या सपाट भूमींत येते व तोयामाच्या उपसागरास मिळते. तिच्या वरच्या अंगास, ताकाहारा नांवाच्या उपनदीच्या कांठीं, कामिओका येथें फार जुनी खाण होती. पूर्वीं तेथें रुपें व शिसें काढीत. १८७४ सालापासून मित्सुई घराण्यानें ती हळूहळू आपल्या ताब्यांत घेतली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें जस्तही काढूं लागले. जस्ताच्या दगडांत कॅडमियम नांवाचा दुसरा एक धातु निसर्गतःच मिसळलेला असतो. त्या काळीं त्याचा फारसा उपयोग कोणास नव्हता; म्हणून दगड दळून, धुऊन, हवें तें काढून घेतल्यावर जो गाळ उरे त्याबरोबर तो नदींत जाई. पुढें युद्धें आलीं, शिशाची व जस्ताची मागणी वाढली, आणि गाळही वाढला.

खालीं मैदानांत शेतकरी त्याच नदीचे पाट काढून आपलीं खाचरें भरीत, आणि तेंच पाणी पीत. पहिली खूण खाचरांतच दिसली. ज्या खाचरांत पाटाचें पाणी प्रथम शिरे, तेथील भात खुरटें राही. म्हणून शेतकऱ्यांनीं पाटाच्या तोंडाशीं खड्डे करून गाळ खालीं बसूं दिला, आणि पिकाच्या नुकसानीबद्दल खाणवाल्यांकडे तक्रारी केल्या. आपल्या अंगांत काय शिरत आहे, हा विचार मात्र कोणाच्या मनांत आला नाहीं. कारण आंतल्या खाचरांत भात हिरवेंगार वाढे, दाणा भरे, आणि त्याच्या रंगांत, वासांत किंवा चवींत कांहींच वेगळें नसे. कीड लागलेलें धान्य आपण पाखडून टाकितों, बुरशी आलेलें गुरांसही घालीत नाहीं. देवानें दिलेलीं डोळे, नाक, जीभ हीं तीन पहारेकरी दाराशीं उभीं असतात. परंतु ह्या धातूला त्या तिघांनींही कधीं पाहिलेलें नाहीं. भाताचें मूळ त्यास रोपास हवा असलेला दुसराच धातु समजून आंत घेतें. माणसाचें पोटही तशीच चूक करितें.

१९१० नंतरच्या वर्षांत ह्या गांवांमधून एक विचित्र दुखणें दिसूं लागलें. तें बहुतकरून बायकांसच होई, आणि त्यांतही पस्तीसचाळिशी उलटलेल्या, चारपांच बाळंतपणें झालेल्या बायकांस. प्रथम कंबर व मांड्या दुखूं लागत. मग चाल बदकासारखी हेलपाटी होई. पुढें हाडें इतकीं दुबळीं होत कीं नुसत्या खोकल्यानें बरगडी मोडे. एका स्त्रीच्या शरीरांत हाडें ७२ ठिकाणीं मोडलेलीं आढळलीं. अंथरुणावर कूस बदलणें त्यांस असह्य होई. शुद्धि मात्र अखेरपर्यंत शाबूत राही. त्या "इताई, इताई" म्हणून ओरडत, म्हणजे "दुखतें, दुखतें". आणि १९५५ सालीं वर्तमानपत्रांत ह्या रोगाची हकीकत आली तेव्हां हें ओरडणेंच त्याचें नांव झालें.

आतां कारण ठाऊक आहे, तें थोडक्यांत सांगतों. हा धातु मूत्रपिंडांत जाऊन बसतो, आणि त्याचा अर्धा भाग बाहेर पडावयास दहा ते तीस वर्षें लागतात. म्हणजे रोज कणभर येतो व जवळजवळ जातच नाहीं. मूत्रपिंड बिघडलें म्हणजे हाडांस बळ देणारीं द्रव्यें लघवीवाटें वाहून जातात. ज्या मातेनें आपल्या हाडांतील चुना मुलांना अगोदरच देऊन टाकिला आहे, तिला हा रोग प्रथम गांठतो. ह्या रोगाचे सुमारें २०० लोक सरकारदरबारीं पुढें मान्य झाले. नोंद होण्यापूर्वींच किती जणी मातींत गेल्या, त्यांची गणती ह्यांत नाहीं.

परंतु तेव्हां गांवांत काय म्हणत? हा पूर्वकर्माचा रोग आहे असें म्हणत. जन्मांध मनुष्यास पाहून प्रभूच्या शिष्यांनीं जो प्रश्न विचारिला होता, तोच प्रश्न जिन्झूच्या कांठीं घरोघर विचारिला जात होता: पाप कोणाचें? आणि उत्तर असें निघे कीं तिचेंच, किंवा तिच्या घराण्याचें. दुखण्यावर लाजेचा भार आणखी पडला. घरच्यांनीं आजारी सुनेस मागच्या खोलींत ठेविलें. कारण बोभाटा झाला तर गांवच्या तांदुळास गिऱ्हाईक मिळणार नाहीं व गांवच्या मुलांस कोणी मुलगी देणार नाहीं, अशी भीति होती. ही भीति खोटी नव्हती. म्हणून मी त्या गप्प बसणाऱ्या शेतकऱ्यांस कठोर शब्द लावूं शकत नाहीं. मात्र त्यांच्या मौनाची किंमत त्यांनीं स्वतः दिली नाहीं, ती मागच्या खोलींतलीनें दिली, हें लिहून ठेवणें भाग आहे.

१९४६ सालीं हागिनो नोबोरू नांवाचा डॉक्टर युद्धावरून परत आला व वडिलांचा दवाखाना चालवूं लागला. हा रोग पाहून तो गोंधळला. प्रथम त्याची समजूत अशी झाली कीं कदन्न व अतिकष्ट हें ह्याचें मूळ असावें. ही समजूत चुकीची होती, तरी दयाळूपणाची होती, आणि दुसरा एखादा तिच्यावरच थांबला असता. हागिनोनें रुग्णांचीं घरें नकाशावर एकेका ठिपक्यानें मांडिलीं. जिन्झूच्या पूर्वेस कुमानो व पश्चिमेस इदा अशा आणखी दोन नद्या आहेत. सारे ठिपके ह्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत, जेथें जिन्झूचें पाणी पाटांनीं फिरतें तेथेंच पडले. पलीकडच्या गांवांत हवा तीच होती, दारिद्र्य तेंच होतें, कष्ट तेच होते, बाळंतपणेंही तितकींच होतीं. पण तेथें पाणी दुसऱ्या नदीचें होतें, आणि रोग नव्हता. १९५७ सालीं त्यानें उघडपणें सांगितलें कीं ह्या रोगाचें मूळ खाणींत आहे. मोठ्या विद्वानांनीं ह्या खेडवळ डॉक्टराचें म्हणणें मानलें नाहीं. गांवांतलेही कित्येक त्याच्यावर रुष्ट झाले. योशिओका नांवाचा एक शेतकीशास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या पिकाची चौकशी करावयास आला होता, तो त्यास मिळाला. ओकायामा विद्यापीठाच्या कोबायाशी नांवाच्या अध्यापकानें पाणी, तांदूळ व रुग्णांचीं हाडें तपासून त्यांत धातूचें माप दाखविलें. १९६१ सालीं त्यांनीं कॅडमियमचें नांव जगापुढें मांडिलें.

मला ह्या सर्व वृत्तांतांत तो नकाशा फार मोलाचा वाटतो. खाणींतला व्यवस्थापकही अज्ञानी होता, हागिनोही अज्ञानी होता. दोघांच्या अज्ञानांत जो भेद आहे त्यावरच आपला प्रश्न अवलंबून आहे. एक अज्ञान असें असतें कीं तें दारोदार जाऊन विचारतें. दुसरें असें कीं तें दार लावून निजतें. दुसऱ्या अज्ञानास आपण फार सहज क्षमा करितों, कारण तें आपल्या प्रत्येकाच्या घरीं आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आपल्या खेड्यांतलाच दाखला घ्या. एका कुणब्यानें विहीर खणली; कठडा बांधावयास पैसा उरला नाहीं. रात्रीं शेजाऱ्याचा बैल आंत पडून मेला. कुणबी शपथेवर सांगेल कीं बैल मरावा असें माझ्या मनांत नव्हतें, आणि तें खरेंही आहे. मग पंच त्यास काय सांगतील? ते त्याला चोर म्हणणार नाहींत, कीं त्याचा चिलीमपाण्याचा व्यवहार तोडणार नाहींत. पण बैलाची किंमत भर, असें म्हणतील. मोशेच्या नियमशास्त्रांत उघड्या टाकिलेल्या खड्ड्याविषयीं नेमका हाच निर्णय आहे. लेवीयाच्या पुस्तकांत तर अजाणतां घडलेल्या पापासाठींही अर्पण सांगितलें आहे. सेमिनरींत शिकत असतांना मला तें वचन अन्यायाचें वाटे. जें मला ठाऊकच नव्हतें त्याबद्दल मीं कां द्यावें? आज मला वाटतें कीं माझी चूक एका शब्दांत होती. मी ऋणाला दंड समजत होतों.

दंड हा मनास होतो. तुझ्या मनांत दुष्टपणा होता म्हणून तुला तो दिला जातो, आणि जेथें दुष्टपणा नाहीं तेथें दंड करणें हा खरोखरच अन्याय आहे. ऋण तसें नाहीं. माझ्या म्हशीनें रात्रीं दावें तोडून शेजाऱ्याचा हरभरा खाल्ला, तर माझें मन किती शुद्ध होतें हें विचारून शेजाऱ्याच्या पोरांचें पोट भरत नाहीं. दूध मी घेतों, तर नुकसानही मीं घ्यावें. तें माझ्यावरून काढून टाकिलें तर तें नाहींसें होत नाहीं. तें शेजाऱ्यावर पडतें, जो माझ्याहूनही निर्दोष आहे. अजाणतां झालेल्या अपायांत दोन निर्दोष माणसें समोरासमोर उभीं असतात, हें आपण विसरतों. त्यांपैकीं एकानें सोसावयाचेंच आहे. मग ज्याच्या पेटींत त्या कामाचा नफा गेला त्यानें सोसावें, हें अधिक न्याय्य होय.

जपानी लोकांच्या कायद्यांत हा विचार आश्चर्य वाटण्याइतका लवकर आला. १९३९ सालीं तेथील खाणींच्या कायद्यांत अशी सुधारणा झाली कीं खाणीच्या सांडपाण्यानें किंवा गाळानें कोणाचें नुकसान झालें, तर खाणवाल्याचा दोष सिद्ध न करितांही त्यानें भरपाई द्यावी. १९६८ सालीं रुग्णांनीं व त्यांच्या घरच्यांनीं मित्सुईच्या कंपनीवर दावा केला तो ह्याच कलमाच्या आधारें. हरलों तर गांवांत तोंड दाखवितां येणार नाहीं, कदाचित् गांव सोडून जावें लागेल, असें मनाशीं ठरवून ते उभे राहिले. त्याच वर्षाच्या ८ मे रोजीं सरकारच्या आरोग्य खात्यानें जाहीर केलें कीं हा रोग कॅडमियमच्या विषानें होतो व तो कामिओकाच्या खाणींतून आला. कंपनीनें न्यायालयांत तें कबूल केलें नाहीं. धातु शरीरांत कसकसा काम करितो ह्याची प्रत्येक पायरी सिद्ध करून दाखवा, अशी तिची मागणी होती. १९७१ च्या जूनमध्यें तोयामाच्या न्यायालयानें निकाल दिला कीं अशी प्रत्येक पायरी दाखविण्याची गरज नाहीं. रोग कोठें आहे व कोठें नाहीं, विष कोठें पोंचलें व कोठें नाहीं, एवढें नीट जुळलें म्हणजे पुरे. म्हणजे न्यायासनानें त्या खेडवळ डॉक्टराच्या नकाशाचाच मार्ग मान्य केला. कंपनीनें वरच्या न्यायालयांत अपील केलें. ९ ऑगस्ट १९७२ रोजीं तेंही ती हरली, आणि पुढें गेली नाहीं.

कोणी म्हणेल, प्रत्येक अपाय असा ऋण धरिला तर धंदा कोण करील? ह्या आक्षेपांत कांहीं तथ्य आहे. खाणीवांचून जग चालत नाहीं. तें जस्त कशाला लागतें? लोखंडी पत्र्यास गंज लागूं नये म्हणून त्यावर जें पाणी चढवितात तें जस्ताचें असतें. आपल्या कितीतरी प्रार्थनामंदिरांवर तोच पत्रा आहे. पाऊस पडूं लागला म्हणजे उपदेशकाचा आवाज ज्याखालीं बुडून जातो तो! आपल्या पत्र्याचें जस्त कामिओकाचें आहे असें मी म्हणत नाहीं. पण तें कोणत्या तरी डोंगरांतून निघालें, व त्या डोंगरांतून एखादी नदी वाहत असेल. म्हणून खाणवाल्यास शिव्या देऊन आपण मोकळे होत नाहीं. तरी आक्षेपाचें उत्तर आहेच: जो धंदा आपला अपाय भरून देऊं शकत नाहीं, तो आजवर नफ्यांत चालला असें दिसत होतें एवढेंच, त्याचा तोटा कोणा तरी बाईच्या हाडांतून वसूल होत होता.

अज्ञानाविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. अज्ञानास मुदत असते. १९२० सालीं खाणीचा व्यवस्थापक "मला ठाऊक नव्हतें" म्हणाला असता तर त्यावर विश्वास ठेवावा. १९५७ सालीं नकाशा पुढें ठेविला गेला. १९६१ सालीं धातूचें नांव सांगितलें गेलें. त्यानंतर न जाणणें हें फुकटचें राहिलें नाहीं; त्यासाठीं मेहनत करावी लागली, वकील लावावे लागले. ऋण तर पहिल्या दिवसापासून होतेंच. ह्या वेळेपासून त्यांत दोषही मिसळूं लागला.

आणि हा नियम फक्त श्रीमंतांस लागूं पडत नाहीं. १९७० सालीं जपान सरकारनें ठरविलें कीं ज्या तांदुळांत दहा लाख भागांमध्यें एक भाग किंवा अधिक कॅडमियम असेल तो विकूं नये. (२०११ पासून ती मर्यादा ०.४ भागावर आणिली आहे.) आतां त्या शेतकऱ्याची अवस्था मनांत आणा. त्यानें कोणाचें कांहीं केलें नाहीं. त्याच्या शेतांत विष दुसऱ्यानें सोडलें. परंतु त्यास आपल्या तांदुळाचें माप कळलें, आणि व्यापारी दाराशीं आला. तांदूळ पांढरा व सुंदर आहे. शहरांतलें गिऱ्हाईक त्यास कधीं पाहणार नाहीं. त्यानें पोतें विकलें, तर त्या क्षणीं तो खाणवाल्याच्या जागीं जाऊन उभा राहतो. नव्हे, त्याहूनही पुढें. कारण खाणवाल्यास आरंभीं ठाऊक नव्हतें, ह्याला ठाऊक आहे. ज्याला अपाय झाला तोच अपाय करणारा होतो, आणि मधें केवळ एक रात्र गेलेली असते.

तो मोह शेतकऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकिला गेला नाहीं, हें त्या देशानें बरें केलें. ०.४ ते १ भाग ह्यांमधील तांदूळ सरकार विकत घेई, व तो खाण्यासाठीं न देतां खळीसारख्या कामांस लावी. गरिबानें खरें बोलावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं त्याच्या खरेपणाची किंमत वांटून घ्यावी लागते. नाहींतर आपण त्यास सद्गुण शिकवीत नाहीं, उपाशी राहावयास सांगतों.

येथें भात करणाऱ्या वाचकांसाठीं एक गोष्ट नमूद करितों. खाचरांत पाणी भरलेलें असलें म्हणजे हा धातु मातींत बांधला जातो व मुळास फारसा मिळत नाहीं. पाणी काढून माती उघडी पडली कीं तो मोकळा होतो. म्हणून जपानांत लोंबी बाहेर पडण्याच्या सुमारास पाणी राखावयास सांगतात. परंतु मातींत सोमल असला तर तो मात्र साचलेल्या पाण्यानेंच मोकळा होतो. एक दार लावावें तों दुसरें उघडतें. आणि हा धातु केवळ खाणींतून येतो असेंही नाहीं. स्फुरदाचें खत ज्या दगडापासून करितात त्यांत तो थोडाबहुत असतोच. एका पोत्यांत तो इतका थोडा असतो कीं भिऊन जाण्याचें कारण नाहीं. पण माती त्यास सोडीत नाहीं, आणि पोतीं दरवर्षीं पडतात. म्हणून युरोपांतील राष्ट्रांनीं २०२२ च्या जुलैपासून अशा खतांतील प्रमाणास मर्यादा घातली आहे. तंबाखूचें पान तर हा धातु मातींतून विशेष ओढून घेतें. विडी ओढणाराच्या मूत्रपिंडांत तो न ओढणाराच्या मानानें सुमारें दुप्पट सांपडतो. तंबाखूविषयीं आमच्या मंडळींत एवढीं वर्षें इतर कारणें सांगितलीं गेलीं, त्यांत हेंही घालावें.

आतां ह्या ऋणाची फेड कशी झाली ती पाहूं. कारण येथें मला स्वतःला शिकावें लागलें. आम्ही पाळक लोक समेटाची घाई करितों. दोन घरांत तंटा झाला कीं आम्ही जाऊन दोघांस हात हातांत द्यावयास लावितों, प्रार्थना करितों, आणि चहा पिऊन निघतों. नुकसान कोणाचें झालें व तें भरून आलें कीं नाहीं, हें पुष्कळदां विचारावयाचें राहून जातें. काळ सर्व बरें करील, अशी आमची समजूत असते. मनाच्या जखमा काळ पुष्कळ बऱ्या करितो हें खरें. पानपाचोळा कुजून जातो, शेणाचें खत होतें, मेलेल्या जनावराचीही माती होते. परंतु धातु कुजत नाहीं. तो जाळला तर राखेंत राहतो, धुतला तर खालच्या शेतांत जातो, पुरला तर तेथेंच असतो. ज्या शेतांत तो शिरला तेथें शंभर वर्षें क्षमेची प्रार्थना केली, तरी एकशेएकाव्या वर्षाचा तांदूळ तसाच येईल. क्षमा ही माणसामाणसांतली गोष्ट आहे. मातीला ती ऐकूं येत नाहीं.

जिन्झूच्या लोकांनीं ही गोष्ट ओळखिली. १९७२ चा निकाल लागल्यावर दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं कंपनीकडून लेख लिहून घेतले. त्यांत रुग्णांची भरपाई तर होतीच. परंतु खराब झालेल्या मातीची फेड होती, आणि पुढें नदींत विष जाऊं नये म्हणून एक करारही होता. मग मातीचें काम सुरू झालें. १९७९ पासून २०१२ पर्यंत, सुमारें तेहतीस वर्षें, खाचरामागून खाचर उघडून वरचा विषारी थर काढिला, तो खोल पुरला, त्यावर दुसरीकडून आणलेली चांगली माती पसरली. सुमारें ८६३ हेक्टर, म्हणजे एकवीसशें एकरांहून अधिक शेती अशी नवी केली गेली. खर्च सुमारें ४,०७० कोटी येन आला, आणि तो कंपनी व सरकार ह्यांनीं मिळून सोसला. ज्यानें एखादें खाचर हातानें बांधिलें आहे त्यास ह्या आंकड्यांचा अर्थ सांगावयास नको. आजोबानें बांधावर बसून ज्या मातीचा गोळा वळला, ती माती खालीं गाडून वर परकी माती टाकावयाची, आणि तिला पुन्हां शेताचा कस येईपर्यंत वाट पाहावयाची!

हें सर्व झाल्यावर, १७ डिसेंबर २०१३ रोजीं, कंपनीनें पीडितांची विधिपूर्वक क्षमा मागितली, व ज्यांच्या मूत्रपिंडास अपाय झाला होता पण रोगी म्हणून ज्यांची नोंद झाली नव्हती, त्यांसही प्रत्येकीं सहा लक्ष येन देण्याचें मान्य केलें. तेव्हां लोकांनीं समेट केला. हा क्रम लक्षांत घ्या. प्रथम अपाय झाला हें ठरलें, मग पाणी शुद्ध झालें, मग माती बदलली, आणि हात हातांत सर्वांत शेवटीं आला. आम्ही पाळक ज्या कामास आरंभ म्हणतों, त्यास त्या शेतकऱ्यांनीं अखेर मानिलें. उशीर फार झाला, ही खंत मात्र राहतेच. ज्या बायका "दुखतें, दुखतें" म्हणत गेल्या त्यांच्यापैकीं फार थोड्या ती क्षमायाचना ऐकावयास उरल्या होत्या, आणि मेलेल्यांच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार जिवंतांस कितपत आहे, ह्या प्रश्नाचें उत्तर मला अजून सांपडलेलें नाहीं.

त्या १९७२ च्या करारांतील एक कलम मला विशेष आवडतें. खालच्या गांवांतील रहिवाशांनीं वाटेल तेव्हां, आपल्यास हवे ते जाणते लोक बरोबर घेऊन, खाणींत शिरून पाहावें, पाण्याचे नमुने घ्यावेत, कागद तपासावेत. आणि त्याचा खर्च कंपनीनें द्यावा. न्यायालयांत एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोन पक्ष तेव्हांपासून दरवर्षीं डोंगरांत भेटतात. जिन्झूच्या पाण्यांतील कॅडमियम आतां जवळपासच्या इतर स्वच्छ नद्यांइतका उतरला आहे. कामिओकाची खाण २००१ सालीं बंद झाली. परंतु गाळाचे जुने ढीग वर डोंगरांत तसेच आहेत, पावसाचें पाणी त्यांतून झिरपतें, आणि म्हणून खालचे शेतकरी अजूनही वर पाहावयास जातात.